सात नंबरचा पलंग

१

मंगळवारी सकाळी दहा चौतीसला अ‍ॅम्ब्युलन्स हॉस्पिटलच्या कॅज्युअल्टीसमोर येऊन थांबली, तेव्हा दारात तिची वाट पाहणारं कुणीही नव्हतं.

कुणीतरी असायला हवं होतं. आत झोपवलेल्या बाई शिवणाचा क्लास चालवायच्या, वय अठ्ठावन्न. मुलींना बाही जोडून दाखवता दाखवता त्या मशीनवरच कलंडल्या. उजवं अंग गेलं, तोंड वाकडं झालं, वाचा बसली. मेंदूत गुठळी अडकली की असं होतं. ती विरघळवण्याचं इंजेक्शन जितकं लवकर मिळेल, तितका माणूस जास्त हाती लागतो. म्हणून तर गाडीतूनच फोन करायची पद्धत आहे. असा असा पेशंट आणतोय, इतक्या मिनिटांत पोचतोय, स्कॅनचं मशीन मोकळं ठेवा, मेंदूच्या डॉक्टरांना खाली बोलावून ठेवा, असं सगळं आधीच सांगून टाकायचं.

त्या दिवशी मशीनवर एक कंबरदुखीवाले गृहस्थ चढलेले होते आणि मेंदूचे डॉक्टर तिसऱ्या मजल्यावर राऊंड घेत होते. पळापळ झाली, पण एकेचाळीस मिनिटं गेली ती गेलीच. शिवणाच्या बाई वाचल्या, दोन दिवसांनी बोलायलाही लागल्या. उजवा हात मात्र चादरीवर जिथं ठेवावा तिथंच पडून राहू लागला. त्यांच्या यजमानांनी चार ओळींची तक्रार लिहून दिली. तिच्यात एकही कडक शब्द नव्हता, आणि म्हणूनच ती वाचायला जड जात होती.

गाडीवर त्या दिवशी ड्यूटीला होती ती सव्वीस वर्षांची नर्स. एका जागी म्हणून थांबायची नाही, त्यामुळे सगळे तिला भिंगरी म्हणत. भिंगरीचं म्हणणं, तिनं दहा वीसला कॅज्युअल्टीत फोन केला होता, निरोप दिला होता आणि समोरून उत्तरही आलं होतं. कॅज्युअल्टीचं म्हणणं, असा कुठलाही निरोप आला नाही. तिच्या फॉर्मवर ‘आगाऊ निरोप दिला’ असं लिहिलेलं होतं, म्हणजे कॅज्युअल्टीच्या हिशेबानं ती खोटी नोंद झाली. चौकशी समिती बसली. भिंगरीला घरी बसवलं. गुरुवारी निर्णय व्हायचा होता, आणि तो काय होणार हे सगळ्यांना ठाऊक होतं. तिचं नाव गाडीवरच्या यादीतून जाणार होतं, आणि खोट्या नोंदीचा शिक्का बसलेल्या नर्सला दुसरी कुठलीही गाडी घेत नाही.

पुढच्या मंगळवारी दुपारी हॉस्पिटलच्या मोठ्या डॉक्टरांनी तळघरातून रेकॉर्डबाईंना वर बोलावलं. हॉस्पिटलातली एकूण एक फाईल सांभाळणं हे या बाईंचं काम. सत्तावन्न वर्षांच्या, गुडघ्यांनी त्रस्त आणि सगळ्यांना नको तितकं लक्षात ठेवणाऱ्या. हरवलेला कागद त्या शोधून काढतातच, असा त्यांचा लौकिक. मोठे डॉक्टर म्हणाले, समितीचं मत बनलेलं आहे, पण मला त्या मुलीचा चेहरा विसरता येत नाही. तुमच्याकडे दोन दिवस आहेत.

‘‘मी कागद शोधते,’’ रेकॉर्डबाई म्हणाल्या. ‘‘इथं तर बोललेले शब्द हरवलेत. ते कुठल्या कपाटात शोधायचे?’’

२

भिंगरी दोन खोल्यांच्या घरात थोरल्या बहिणीकडे राहायची. रेकॉर्डबाई पोचल्या तेव्हा ती फरशी पुसत होती, आणि बहिणीच्या सांगण्यानुसार ती सकाळपासून तिसऱ्यांदा पुसत होती. बहिणीनं चहा ठेवला आणि शहाण्यासारखी आत निघून गेली.

फोनच्या यादीत तिचा फोन दिसत होता. कॅज्युअल्टीचाच नंबर, दहा वीसला, बावन्न सेकंद. समितीनं ते नाकारलं नव्हतं. पण लाईन कधीकधी आपोआप उचलल्यासारखी होते आणि पलीकडे कुणीच नसतं, असं कॅज्युअल्टीच्या नोंदणीवाल्यानं सांगितलं होतं. ही मुलगी घाईत हवेत बोलली, कुणी ऐकलं नाही ते तिच्या ध्यानात आलं नाही, आणि आता अंगाशी आल्यावर ‘उत्तर मिळालं’ म्हणून सांगतेय, असा समितीनं अर्थ लावला. गाडीच्या ड्रायव्हरनं तिला बोलताना ऐकलं होतं, पण पलीकडचा आवाज त्याच्यापर्यंत पोचणार कसा?

रेकॉर्डबाईंची एक खोड होती. प्रश्न विचारायचा आणि मग गप्प बसायचं, समोरच्याला ती शांतता सहन होईनाशी होईपर्यंत. भिंगरीला फार वेळ सहन झाली नाही.

तिनं सांगितलं, दोन घंट्यांतच फोन उचलला गेला. बाईमाणसाचा आवाज होता, सावकाश बोलणारा. त्या बाईंनी वय विचारलं, कुठली बाजू गेली ते विचारलं, गिळता येतंय का विचारलं, किती मिनिटांत पोचता ते विचारलं. मग म्हणाल्या, या तुम्ही, मी पलंग तयार ठेवते. आणखी एक गोष्ट तिला नंतर आठवली होती. पलीकडे अगदी शांत होतं. कॅज्युअल्टीत कधी नाही ती शांतता.

‘‘समितीला हे सांगितलंस?’’

‘‘सगळं सांगितलं. तेच तर नडलं ना.’’ भिंगरीनं हातातलं फडकं पिळलं, त्यातून पाणी येत नव्हतं तरी पिळलं. ‘‘त्या म्हणाल्या होत्या, सात नंबरला घेते. मी तसंच्या तसं सांगितलं. सगळे एकमेकांकडे बघायला लागले. कॅज्युअल्टीत पलंगच सहा आहेत, बाई.’’

रेकॉर्डबाई पुढे सरकून बसल्या.

‘‘मला आता माझाच भरवसा वाटत नाही,’’ भिंगरी म्हणाली. ‘‘मी खरंच बोलले ना कुणाशी? की मनातल्या मनात बोलले? तुम्ही सांगा, असं होतं का माणसाचं?’’

नोकरीपेक्षा हे वाईट होतं. रेकॉर्डबाईंनी तिच्या हातातलं फडकं काढून घेतलं, बादलीत टाकलं आणि तिला शेजारी बसवून घेतलं. मग त्यांनी जे सांगितलं ते फार साधं होतं. तू रोज पेशंट घेऊन तिथं जातेस. तिथं सहा पलंग आहेत हे तुला झोपेतून उठवून विचारलं तरी सांगशील. खोटं बोलायचं असतं तर तू तीन नंबर म्हणाली असतीस, नाहीतर पाच. सात नंबर सुचतो तो फक्त ज्यानं तो खरंच ऐकलाय त्याला.

बोलताना त्यांचा आवाज ठाम होता. जिना उतरताना मात्र त्यांच्या मनात एकच प्रश्न घोळत होता. जो पलंगच नाही, तो तयार ठेवते म्हणून सांगणारी बाई कोण?

३

बुधवारी सकाळी त्या कॅज्युअल्टीत जाऊन बसल्या. त्या मंगळवारी दहा वीसला तिथं तीन माणसं ड्यूटीवर होती. तिघांनाही रेकॉर्डबाईंना पाहून आनंद झाला असं म्हणता येणार नाही.

तरुण डॉक्टर म्हणाला, मी एका मुलाच्या नाकातून बटण काढत होतो, फोन घ्यायला मला तिसरा हात नव्हता. पण फोन वाजला होता का? हो, वाजला ना. दोनदा वाजला आणि थांबला. मला वाटलं, सिस्टरनी घेतला.

नोंदणीच्या खिडकीवरचे गृहस्थ आधी कानांवर हात ठेवूनच बसले होते. माझ्यासमोर वीस माणसं उभी असतात, मला काय काय दिसणार, असं त्यांनी तीन वेगवेगळ्या प्रकारे सांगितलं. रेकॉर्डबाई गप्प बसल्या. खिडकीवाले अस्वस्थ झाले. शेवटी म्हणाले, दोनदा वाजला खरा. मग बंद झाला, म्हणून मला वाटलं, डॉक्टरांनी उचलला.

इन्चार्ज सिस्टर पस्तीस-छत्तीस वर्षांच्या, कामात वाघीण, बोलण्यात काटकसरी. त्या एका जखमेला टाके घालायला मदत करत होत्या, हातात मोजे होते. दोन घंट्या ऐकल्या होत्या. मग थांबल्या. मला वाटलं, खिडकीवरून घेतला. एवढं सांगून त्या उठल्या आणि ‘आलेच’ म्हणून बाहेर गेल्या, त्या दहा मिनिटांनी परतल्या. अकराला तेच झालं. बाराला पुन्हा तेच. रेकॉर्डबाईंनी खिडकीवाल्यांना विचारलं, तर ते खाली बघून म्हणाले, हल्ली तीन आठवडे असंच चाललंय, दर तासाला जातात, कुठं ते कुणी विचारत नाही. आमच्यातलं कुणी आजारी पडलं की त्याच दोघांची ड्यूटी करतात, मग आम्ही कशाला विचारू?

तळघरात परत आल्यावर रेकॉर्डबाई पाय वर घेऊन बसल्या आणि विचार करू लागल्या. तिघांपैकी एकानं फोन उचलला असता आणि आता तो ते लपवत असता, तर ‘फोन वाजलाच नाही’ असं म्हणणं त्याला सगळ्यात सोयीचं होतं. पण तिघंही म्हणत होते, वाजला, दोनदाच वाजला. भिंगरीही म्हणत होती, दोन घंट्यांत उचलला. चार माणसं वेगवेगळ्या जागांवरून एकच गोष्ट सांगत होती. म्हणजे चौघंही खरं बोलत होती, आणि तरी कुठंतरी पाणी मुरत होतं.

त्यांनी तक्रारींची फाईल काढली. अ‍ॅम्ब्युलन्सवाले म्हणतात ‘कळवलं होतं’ आणि कॅज्युअल्टी म्हणते ‘कळलंच नाही’, अशी भांडणं वर्षभरात एकही नव्हती. गेल्या तीन आठवड्यांत मात्र तीन होती. एकदा पाय मोडलेला माणूस, एकदा दम्याची बाई आणि तिसऱ्यांदा शिवणाच्या बाई. पहिल्या दोघांना काही झालं नव्हतं, म्हणून ते कागद कुणी दुसऱ्यांदा वाचले नव्हते.

रेकॉर्डबाईंनी ड्यूटीचा तक्ता शेजारी ठेवला आणि तारखांवरून बोट फिरवलं. तिन्ही वेळा, तिन्ही दिवस, सकाळची ड्यूटी इन्चार्ज सिस्टरची होती.

४

खरं तर इथंच थांबून अहवाल लिहिला असता तर समितीला तो आवडला असता. पण रेकॉर्डबाईंना ती सिस्टर माहीत होती. आपलं बाळंतपण जेमतेम उरकून कामावर आलेली, दुसऱ्याच्या बाळाला छातीशी धरून एक्स-रेपर्यंत धावलेली बाई. ती निरोप दाबून ठेवील? आणि दाबून ठेवून मिळवील काय?

तेवढ्यात हॉस्पिटलच्या चादरी सांभाळणाऱ्या मावशी आल्या. या मावशींना तक्रार केल्याशिवाय चहा पचत नसे, आणि ऐकून घेणारं माणूस म्हणून त्यांनी रेकॉर्डबाईंना कधीचं हेरून ठेवलं होतं. आजची तक्रार अशी होती की माझ्या चादरींत रोज एक कमी भरतेय, आणि ती जाते कुठं ते मला ठाऊक आहे. लाँड्रीच्या मागं जो जुना हॉल आहे ना, बंद पडलेला, तिथं एका पलंगावर रोज कुणीतरी नवी चादर घालतं. तीही कशी, कोपरे घट्ट दुमडून, एक सुरकुती नाही. हल्लीच्या पोरींना असं घालता येत नाही. आणि त्यावर झोपत कुणीच नाही, बाई. चादर संध्याकाळी तशीच्या तशी.

रेकॉर्डबाईंनी पाय खाली घेतले.

लाँड्रीच्या मागचा जुना हॉल म्हणजे जुनी कॅज्युअल्टी. आठ महिन्यांपूर्वी विभाग पुढच्या नव्या इमारतीत आला आणि जुन्या हॉलला कुलूप लागलं. रेकॉर्डबाई कपाटाकडे गेल्या आणि वर्षभरापूर्वीचे केसपेपर काढले. प्रत्येकाच्या डोक्यावर पलंगाचा नंबर होता. चार. नऊ. दोन. दहा. दम लागलेले, झटका आलेले, एक क्षणही थांबू न शकणारे जेवढे पेशंट होते, त्यांच्या कागदावर सात. दाराजवळचा पलंग तो.

सात नंबर होता तर. भिंगरीला उत्तर मिळालं होतं ते खरंच कॅज्युअल्टीतून. फक्त जी कॅज्युअल्टी आठ महिन्यांपूर्वी बंद झाली, तिच्यातून.

रेकॉर्डबाईंनी भिंगरीला फोन करून बोलावून घेतलं. तिला नव्या कॅज्युअल्टीच्या फाटकाशी उभं केलं. बरोबर चार वाजता तू कॅज्युअल्टीचा नंबर लाव, एवढंच सांगितलं. मग खिडकीवाल्यांकडे जाऊन म्हणाल्या, चार वाजता फोन वाजेल, त्याला कुणीही हात लावायचा नाही. खरा पेशंट असला तर गाडीवाले परत लावतील आणि तो तुम्ही घ्यायचा. खिडकीवाल्यांनी हाताची घडी घातली आणि ती सोडली नाही.

पावणेचारला रेकॉर्डबाई लाँड्री ओलांडून मागे गेल्या. जुन्या हॉलच्या दाराला कुलूप नव्हतं. आतून कुणीतरी बोलत असल्याचा आवाज येत होता.

५

आत इन्चार्ज सिस्टर होत्या. एका म्हाताऱ्या बाईंना त्या चमच्यानं चहा पाजत होत्या.

रेकॉर्डबाईंना पाहून त्यांचा हात थांबला. चहाचा थेंब म्हातारीच्या हनुवटीवर आला, तो त्यांनी आधी पुसला आणि मग उभ्या राहिल्या. त्यांनी सबब सांगितली नाही. ही माझी आई, म्हणाल्या. तिचं डोकं आता साथ देत नाही. सांभाळायला येणारी बाई तीन आठवड्यांपूर्वी सोडून गेली, घरी एकटी ठेवली तर गॅस चालू ठेवते, रस्त्यावर जाते. ‘‘इथं ती शांत असते. बत्तीस वर्षं याच हॉलमध्ये तिनं काम केलंय. इथं तिला भीती वाटत नाही. मी दर तासाला येऊन बघून जाते. मला दुसरं काही सुचलं नाही हो, बाई.’’

रेकॉर्डबाईंनी म्हातारीकडे नीट पाहिलं आणि ओळखलं. मोठ्या सिस्टर. एकेकाळी त्यांचा आवाज आला की डॉक्टरसुद्धा सरळ उभे राहायचे. आता त्या लहान झाल्या होत्या, पण केस घट्ट बांधलेले आणि साडीचा पदर कमरेला खोचलेला. त्यांचं लक्ष लेकीकडे नव्हतं, चहाकडेही नव्हतं. त्या दाराकडे पाहत होत्या.

दाराजवळ सात नंबरचा पलंग होता. चादर ताणून घातलेली, डोक्याकडची बाजू थोडी उचललेली, उशी, शेजारी तसराळं आणि रुमाल. पलंगाच्या लोखंडी दांडीवर चिकटपट्टीचा तुकडा लावलेला होता. जुन्या नर्सांची ती रीतच होती. फोनवर निरोप आला की कागदावर लिहायचा नाही, कागद उडतो. जखमेला लावायच्या चिकटपट्टीवर लिहायचा आणि सरळ पलंगाला लावायचा, म्हणजे जो कुणी पलंगाजवळ येईल त्याला तो दिसेलच. रेकॉर्डबाईंनी चष्मा चढवला आणि वाकून वाचलं.

मंगळवार १०.२०. बाई, ५८. उजवी बाजू. वाचा नाही. गिळत नाही. १४ मिनिटं.

‘‘हे तू वाचलं नाहीस?’’ त्यांनी सिस्टरना विचारलं.

सिस्टरनी वाचलं, आणि खाटेची दांडी धरली. आई दिवसभर अशा पट्ट्या लावते, त्या कशाबशा म्हणाल्या. कुठल्या कुठल्या वर्षांचे पेशंट असतात. मी वाचत नाही. रोज सांगते, पेशंट येतोय म्हणून. मी म्हणते, हो आई.

‘‘आठ दिवस झाले, ही इथून हलायला तयार नसते. संध्याकाळी घरी नेताना काहीतरी खोटंनाटं सांगावं लागतं,’’ त्या म्हणाल्या. ‘‘म्हणते, पेशंट यायचाय, ड्यूटी सोडून कशी येऊ.’’

कोपऱ्यातल्या टेबलावर जुना फोन होता. नव्या इमारतीत विभाग गेला तेव्हा कॅज्युअल्टीचा नंबर तिकडे जोडला गेला. पण जुना फोन त्याच लाईनवर तसाच राहिला, कारण तो काढून टाका असं सांगणं हे कुणा एकाचं काम नव्हतं. आठ महिने तो रिकाम्या हॉलमध्ये वाजत राहिला आणि कुणाला कळलं नाही.

चार वाजले. फोन वाजला.

म्हाताऱ्या सिस्टर उठल्या. त्यांना चालताना आधार लागत होता असं लेक नंतर म्हणाली, पण आत्ता त्यांनी तो घेतला नाही. दुसरी घंटा संपायच्या आत फोन त्यांच्या कानाला होता.

‘‘कॅज्युअल्टी. बोला.’’

पलीकडून काहीच आलं नाही. फाटकाशी उभ्या असलेल्या भिंगरीनं तो आवाज ओळखला होता आणि तिला शब्द फुटत नव्हता.

‘‘बोला, मी ऐकतेय,’’ म्हाताऱ्या सिस्टर म्हणाल्या. ‘‘घाबरायचं नाही. आधी वय सांगा.’’

६

गुरुवारी समितीपुढे रेकॉर्डबाई बोलायला उभ्या राहिल्या, त्याआधीच इन्चार्ज सिस्टर उभ्या राहिल्या. त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. आदल्या संध्याकाळी रेकॉर्डबाई त्यांना एवढंच म्हणाल्या होत्या, उद्या मला खरं सांगावं लागेल, पण ते तू आधी सांगितलंस तर मला बरं वाटेल. सिस्टरनी सगळं सांगितलं, आईला आणत होते इथपासून, आणि खाली बसल्या.

मग रेकॉर्डबाईंनी एकेक धागा उलगडला. फोन दोनदा वाजून थांबला, तो का थांबला. पलीकडे शांत का होतं. नसलेला सात नंबर कुठून आला. गेल्या तीन आठवड्यांतच निरोप का हरवू लागले. चिकटपट्टी त्यांनी टेबलावर ठेवली, आणि शेजारी गाडीवरचा फॉर्म. आकडे जुळत होते.

समितीतले एक गृहस्थ म्हणाले, हे सगळं ठीक आहे, पण मग दोष कुणाचा ते सांगा, मला लिहायचंय.

‘‘लिहा,’’ रेकॉर्डबाई म्हणाल्या. ‘‘दहा वीसला तीन माणसांनी फोन ऐकला. घंटा थांबली म्हणून तिघांनी धरून चाललं की दुसऱ्यानं घेतला. एकानंही मान वर करून विचारलं नाही की काय होतं, कोण येतंय. गाडीवरच्या मुलीनं निरोप दिला, पण तो घेतला कुणी हे नावानं विचारलं नाही, कारण आपण तिला तसं शिकवलंच नाही. फोन उचलला गेला की निरोप पोचला, असं आपण सगळे समजतो. ज्या एका बाईनं निरोप नीट ऐकला, लिहून घेतला, पलंग तयार केला, तिचं डोकं ठिकाणावर नाही. आता दोष कुणाचा लिहायचा ते तुम्ही ठरवा.’’

गृहस्थांनी पेन खाली ठेवलं.

भिंगरीला त्याच दुपारी कामावर घेतलं. जुना फोन भिंतीतून उपटला. निरोप घेणाऱ्यानं आपलं नाव सांगायचं, ऐकलेलं सगळं परत म्हणून दाखवायचं, आणि फोन ठेवल्यावर सगळ्या विभागाला ऐकू जाईल असं मोठ्यानं सांगायचं, असा नियम झाला. तरुण डॉक्टरला पहिले दोन दिवस असं ओरडायची लाज वाटली, मग वाटेनाशी झाली. नियम कागदावर छान दिसतात हे रेकॉर्डबाईंना ठाऊक होतं, म्हणून त्या रोज एकदा जाऊन कोपऱ्यात बसत. इन्चार्ज सिस्टरना लेखी ताकीद मिळाली. आईला इथं आणायचं नाही, असं त्यात शेवटी होतं. मोठ्या डॉक्टरांनी महिन्याची रजा दिली आणि हॉल रिकामा करायला शुक्रवारपर्यंत मुदत दिली. याहून जास्त त्यांना करता आलं नाही, आणि त्याचं त्यांना वाईट वाटलं, हे त्यांनी बोलूनही दाखवलं.

शुक्रवारी दुपारी म्हाताऱ्या सिस्टर निघेनात. लेकीनं समजावलं, दटावलं, शेवटी रडली. त्या दारापाशी उभ्याच. पेशंट यायचाय, म्हणत. पेशंट उद्या येईल, असं खोटंही आता सांगता येत नव्हतं, कारण उद्या परत आणायचं नव्हतं. लेकीनं रेकॉर्डबाईंना बोलावलं. रेकॉर्डबाईंनाही काही सुचेना, म्हणून त्यांनी भिंगरीला बोलावलं.

भिंगरी गाडीवरच्या कपड्यांत आली, हातात तोच फॉर्म घेऊन. ती म्हाताऱ्या सिस्टरसमोर सरळ उभी राहिली.

‘‘सिस्टर, दहा वीसचा पेशंट पोचला.’’

म्हाताऱ्या सिस्टरनी तिच्याकडे वळून पाहिलं. ‘‘किती वाजता?’’

‘‘दहा चौतीस.’’

‘‘वेळेवर आणलंस. स्कॅन?’’

भिंगरीनं हातातल्या फॉर्मकडे पाहिलं. सगळं छान झालं म्हणून सांगणं सोपं होतं. पण निरोप देताना खोटं सांगायची तिला सवय नव्हती.

‘‘उशिरा झाला. निरोप वाटेत अडकला होता. पण बाई बोलतात आता. हात अजून उचलत नाही. कालपासून अंगठा हलतोय, मी आत्ताच बघून आले.’’

‘‘हलतोय ना? मग रोज चोळायला सांग,’’ म्हाताऱ्या सिस्टर म्हणाल्या. मग बराच वेळ त्यांच्या कपाळावर आठी होती, काहीतरी शोधत असल्याची. ‘‘फोन तू केला होतास?’’

‘‘हो.’’

‘‘तुझी चूक नाही. वय, बाजू, वेळ, सगळं सांगितलंस. मी ऐकलंय ना. काही सोडलं नव्हतंस.’’

समितीनं निर्दोष म्हणून लिहून दिलं तेव्हा भिंगरी रडली नव्हती. मोठ्या डॉक्टरांनी पाठ थोपटली तेव्हाही नाही. आता ती तिथंच फरशीवर बसली आणि तिचे खांदे हलायला लागले. म्हाताऱ्या सिस्टर हळूहळू पलंगाच्या कडेवर टेकल्या. तिचं डोकं त्यांनी ओढून आपल्या मांडीवर घेतलं आणि त्यावर हात ठेवला.

‘‘रड,’’ त्या म्हणाल्या. ‘‘माझी ड्यूटी संपली आता. मला वेळ आहे.’’